पोथीतले सोने आणि त्याचे प्रतिरूप

खानदेशात सोन्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा कस पाहण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अंगठी घेताना कॅरेट किती, वजन किती, घडणावळ किती, मोड किती, हे प्रश्न घरातील शाळकरी मूलसुद्धा ऐकून शिकते. १६ जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, तेव्हा या बाजाराला त्याचे नवल वाटले नाही. मात्र दागिन्यातील सोन्याविषयी इतके चौकस असलेले कुटुंब चित्रातील सोन्याविषयी सहसा एकही प्रश्न विचारीत नाही. चित्र चमकले की ते सोनेरी झाले, एवढ्यावर समाधान मानले जाते.

हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. चातुर्मासात लघुचित्रे शिकण्याची आवड अनेक घरांतील मुलींत आणि सुनांत वाढते आहे. त्रिशलामातेची स्वप्ने, अष्टमंगल, सिद्धचक्र, कल्पसूत्राच्या जुन्या पानांच्या प्रतिकृती असे विषय हाती घेतले जातात. आजीच्या स्मरणार्थ एखादे पान रंगवून ज्ञानभांडाराला अर्पण करण्याचा संकल्प होतो. रेखाटन होते, लाल आणि निळा रंग भरला जातो, आणि प्रभावळ, मुकुट, सिंहासन यांच्याशी येऊन हात थबकतो. खऱ्या सोन्याचा भाव तर डोळ्यांपुढे असतोच. तेव्हा सोनेरी म्हणून कागदावर काय लावायचे?

पोथ्यांत सोने कधी आले

जैन पोथीचित्रांत सोने आरंभापासून नव्हते. ताडपत्रांवरील जुन्या चित्रांत लाल पार्श्वभूमीवर पिवळ्या अंगकांतीच्या आकृती दिसतात. कागद रूढ झाला, धनिक श्रावकांचा आश्रय वाढला आणि पंधराव्या शतकात सोने व गडद निळा रंग पोथ्यांत मोकळ्या हाताने वापरला जाऊ लागला. खानदेशाच्या उत्तरेस, माळव्यातील मांडू येथे १४३९ मध्ये तयार झालेली कल्पसूत्राची सचित्र प्रत प्रसिद्ध आहे. जौनपूर येथे १४६५ मध्ये हर्षिणी श्राविकेने करवून घेतलेली प्रत तर सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली आहे. अहमदाबादच्या देवसानो पाडो भांडारातील त्याच शतकातील कल्पसूत्र हे सोनेरी वैभवाचे टोक मानले जाते.

या पोथ्यांतील सोने आजही टिकून आहे, कारण सोने गंजत नाही, काळवंडत नाही आणि कागदाला खातही नाही. पाच-सहाशे वर्षांनंतर पान उलगडले तरी प्रभावळ तशीच उजळते. सोन्याला पर्याय शोधायचा म्हणजे नुसत्या चमकेला पर्याय शोधायचा, असे म्हणूनच होत नाही. त्या टिकाऊपणालाही पर्याय शोधावा लागतो.

खऱ्या सोन्यातील हिंसा

येथे कोणी म्हणेल की देवाधर्माच्या कामात काटकसर कशाला, खरेच सोने वापरावे. परंतु जैन घरासाठी खरे सोनेही आपोआप शुद्ध ठरत नाही. चित्रासाठी लागणारे सोने वर्खाच्या रूपाने येते आणि हा वर्ख परंपरेने जनावराच्या आतड्याच्या पातळ झिल्लीत ठेवून, चामड्याच्या पिशवीत घालून, हातोड्याने ठोकून बनवला जातो. युरोपातही वर्ख ठोकण्यासाठी बैलाच्या आतड्याची त्वचाच वापरीत. मिठाईवरील आणि मूर्तिपूजक संघांत आंगीसाठी लागणाऱ्या वर्खाबद्दल समाजात जी चर्चा झाली, तिचे कारण हेच. खाद्यपदार्थांवरील चांदीच्या वर्खात निर्मितीच्या कोणत्याही टप्प्यावर प्राणिजन्य पदार्थ वापरू नये, अशी अधिसूचना केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये काढली. ती खाण्याच्या वर्खापुरती आहे. चित्रकाराच्या हाती येणाऱ्या सोन्याच्या वर्खाविषयी ती काही सांगत नाही.

गोष्ट वर्खापाशी थांबत नाही. वर्खाचा रंग करण्यासाठी तो खलावा लागतो, आणि खलताना अनेक जुन्या कृतींत मध घेतात. मध आपल्याकडे वर्ज्य. खललेले सोने कागदाला धरून राहावे म्हणून सरस घालतात. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा व हाडांचा अर्क. म्हणजे ज्या पानावर भगवंतांची प्रभावळ काढायची, त्या पानावर झिल्ली, मध आणि सरस अशा तीन वाटांनी हिंसा येऊन बसते. जळगावचे सुवर्णव्यावसायिक रतनलाल बाफना यांनी सोन्याच्या व्यापाराइतक्याच निष्ठेने शाकाहाराचा प्रचार केला. कुसुंब्याची ‘अहिंसा तीर्थ’ गोशाळा हे त्याचे दृश्य रूप. सोने आणि अहिंसा यांचा विचार एकत्र करता येतो, हे खानदेशाने पाहिलेले आहे. तोच विचार रंगाच्या वाटीपर्यंत नेण्यास हरकत नाही.

पिवळ्यातून सोने

पर्यायाचा विचार करताना प्रथम अजिंठ्याकडे पाहावे. जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावरील या लेण्यांत राजे आहेत, राण्या आहेत, रत्नजडित मुकुट आहेत. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा मुकुट कोण विसरेल? तेथील रंगांत पिवळी आणि तांबडी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि राजवर्ताचा निळा हे मुख्य. पिवळ्या मातीवर गडद रेषा, कडेला उजेडाचा एक फटकारा आणि शेजारी योग्य छटा एवढ्यावर तेथील कलावंतांनी सोन्याचा भास निर्माण केला. ताडपत्रांवरील जैन चित्रकारांनीही पिवळ्यावरच काम भागवले होते.

याचा अर्थ असा की पिवडी, म्हणजे पिवळी माती, हा सोन्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत निर्दोष पर्याय आहे. ती प्रकाशाने उडत नाही, कागदाला अपाय करीत नाही आणि किमतीला नगण्य आहे. मोठा पृष्ठभाग सोनेरी दाखवायचा असेल तेव्हा पिवडीचा थर आधी द्यावा आणि त्यावर सोनेरी रंगाचा पातळ हात फिरवावा. सोनेरी रंग निम्माही लागत नाही आणि फट राहिली तरी खालून पिवळाच दिसतो.

जुन्या पोथ्यांत आणखी एक झगझगीत पिवळा सापडतो, तो हरताळ. चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक हरताळ फासून ती झाकीत, आणि ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच मराठीत आला. सोन्याच्या जवळ जाणारी त्याची छटा मोहक असली तरी हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचे संयुग. ते विषारी आहे. मुले वावरतात अशा घरात त्याला स्थान नाही. कथिल आणि गंधकापासून होणारी सोनेरी भुकटी युरोपातील पोथीकार वापरीत. आपल्या रसशास्त्रातील स्वर्णवंग म्हणजे तीच वस्तू. तिचीही आज गरज उरलेली नाही.

बाजारातील सोनेरी रंग

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटात सोनेरी रंग मागितला तर वेगवेगळ्या जातींचे पदार्थ एकाच नावाखाली पुढे येतात. त्यांतील भेद ओळखणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार सोनेरी पावडरीचा, जिला ब्रॉन्झ पावडर म्हणतात. ही तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची भुकटी, म्हणजे एका अर्थी पितळच. प्रथमदर्शनी ती सर्वांत अधिक सोन्यासारखी दिसते, आणि फसगतही तिच्यामुळेच होते. पाण्यात कालवलेल्या डिंकात ती मिसळली की तांब्यावर ओलावा आणि आम्ल यांची क्रिया सुरू होते. काही काळात प्रभावळ तपकिरी होते, कडा हिरवट पडतात. पुढे तांब्याची संयुगे कागदालाही पोखरतात. जुन्या चित्रांत जंगाल हा हिरवा रंग जेथे लागला, तेथे कागद करपून तुटल्याचे आढळते. जंगाल तांब्याचाच असतो. शिवाय ही भुकटी दळताना तिची चकती चपटी राहावी म्हणून स्टिअरिक आम्ल घालतात आणि ते वनस्पतिजन्यही असते, चरबीपासूनही केलेले असते. मंडपाची कमान किंवा रांगोळीचा पाट सजवण्यास ही पावडर ठीक आहे. पोथीच्या पानावर ती लावू नये.

दुसरा प्रकार नकली वर्खाचा. तोही पितळी असतो आणि उघडा ठेवल्यास काळवंडतो. मराठीने या जातीच्या चमकत्या पत्र्याला ‘बेगड’ हे नाव दिले आणि त्यावरून ‘बेगडी’ हे विशेषण केले. भाषेनेच त्याची किंमत करून ठेवली आहे.

तिसरा प्रकार अभ्रकाचा. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम आणि लोह यांच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवला की त्यातून परतणारा प्रकाश सोनेरी दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे रंग प्रचारात आले आणि आज जलरंगांच्या चांगल्या सोनेरी वड्या बहुधा याच जातीच्या असतात. त्यांत तांबे नसल्याने ते काळवंडत नाहीत, प्रकाशाला टिकतात, डिंकाशी नीट जुळतात. लघुचित्रासाठी बाजारातील पर्यायांत हाच सर्वांत योग्य. त्याचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. एक, तो घासून चमकवता येत नाही; त्याची चमक धातूसारखी सलग नसून कणाकणांची असते, म्हणून भरड चमचम टाळून बारीक कणांचा प्रकार मागावा. दोन, झारखंडातील कोडरमा-गिरिडीह भागातील अभ्रक खाणींत बालमजुरीच्या घटना उघडकीस आलेल्या आहेत. अहिंसा मुक्या जीवांपुरती नाही. कारखान्यात तयार केलेल्या कृत्रिम अभ्रकाचे रंगही मिळतात. उत्पादकाकडे चौकशी करून ते घेता येतात.

ट्यूबमधील ॲक्रिलिक सोनेरी रंगांत बहुधा अभ्रकाचेच कण असतात. बांधणारा पदार्थ कृत्रिम असल्याने सरसाचा प्रश्न येत नाही. पण हाताने बनवलेल्या कागदावर त्याचा थर रबरासारखा वेगळा दिसतो आणि वाळल्यावर सुधारता येत नाही. सोनेरी जेल पेन शुभेच्छापत्रासाठी ठेवावे.

घेतलेला रंग कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यास सराफाच्या कसोटीइतकीच सोपी रीत आहे. रद्दी कागदावर रंगाचा एक पट्टा ओढावा, वाळू द्यावा, त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवावे. पितळी असेल तर सकाळी तो मळकट किंवा हिरवट झालेला दिसेल. अभ्रक आणि खरे सोने यांच्यात फरक पडणार नाही.

डिंक, पाणी आणि ओपणी

सरसाला पर्याय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. बाभळीचा स्वच्छ डिंक एक भाग आणि पाणी दोन भाग असे रात्री भिजवून सकाळी फडक्यातून गाळले की उत्तम बंधक मिळतो. लाडवांसाठी येणारा धावड्याचा डिंकही चालतो. कालवलेला डिंक दोन-तीन दिवसांत आंबतो आणि त्यात जीवोत्पत्ती होते, म्हणून लागेल तेवढाच करावा. वासी वस्तू न ठेवण्याची घरची शिस्त येथे कलेच्याही उपयोगी पडते. सोनेरी भुकटी आणि डिंकाचे पाणी समप्रमाणात घेऊन आधी कोपऱ्यात लावून पाहावे. वाळल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी पडला, थर तडकला किंवा चमक मेली तर डिंक जास्त झाला. कोरडी भुकटी कालवताना नाका-तोंडावर कापड बांधावे. ती हवेत उडते आणि श्वासात जाते.

खरे सोनेच वापरायचे असेल तर तेही हिंसेवाचून शक्य आहे. प्राणिजन्य झिल्लीऐवजी कृत्रिम फिल्मवर किंवा विशेष कागदावर यंत्राने ठोकलेला वर्ख आता मिळतो. विक्रेत्याकडून तसे लेखी घ्यावे. हा वर्ख काचेच्या ताटलीत मधाऐवजी दाट डिंकात, एका वेळी थोडाथोडा, बोटाने तासभर खलावा. मग गाळलेले कोमट पाणी घालून स्थिर ठेवावे. सोने तळाशी बसते, वरचे पाणी अलगद ओतून टाकावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. तळाशी राहते ते चित्राचे सोने. कागदावर लावून वाळल्यावर अकीकाच्या ओपणीने हलकेच घासले की ते झळाळून उठते.

खर्चाचा अंदाज व्यापारी घराला गणितानेच पटेल. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या भागाइतकी धरली, तर आठ सेंटिमीटर चौरस पानाचे वजन सुमारे बारा मिलिग्रॅम भरते. म्हणजे एका ग्रॅममध्ये ऐंशीच्या आसपास पाने. दोन सेंटिमीटर व्यासाची प्रभावळ वर्ख चिकटवून करायची झाल्यास एका पानात पंधरा-सोळा प्रभावळी निघतात. खलून लावल्यास सोने कित्येक पटींनी अधिक लागते, तरीही हिशेब ग्रॅमच्या अंशातच राहतो. घडणावळ आणि विक्रेत्याचा नफा धरूनही एका पानाची प्रभावळ खऱ्या सोन्याची करणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे नाही. प्रभावळ खऱ्या सोन्याची, सिंहासन पिवडीवर अभ्रकाचे, अशी वाटणी करणारा चित्रकार जुन्या परंपरेशी इमानच राखतो.

प्रतिरूपाचा व्यवहार

पर्याय वापरणे कमीपणाचे आहे काय? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीला प्रोत्साहन, चोरीच्या मालाची खरेदी, राज्याचे निर्बंध मोडणे, खोटी मापे आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार. अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू देणे, असा त्याचा आशय. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दोष प्रतिरूप असण्यात नाही. त्याचा अस्सल म्हणून व्यवहार करण्यात आहे.

कापडाच्या व्यापारात हे रोज पाहावयास मिळते. येवल्याची पैठणी दाखवताना प्रामाणिक दुकानदार असली जर, तांब्यावरची नकली जर आणि प्लास्टिकची जर यांची किंमत आणि नाव वेगवेगळे सांगतो. तिन्ही साड्या विकल्या जातात, तिन्ही नेसल्या जातात, आणि कोणाची फसवणूक होत नाही. प्लास्टिकची जर असली म्हणून पुढे केली की व्यापार संपून अतिचार सुरू होतो.

चित्राच्या बाबतीत हे भान अजून आलेले नाही. ‘सुवर्णांकित’ म्हणून भेट दिल्या-घेतल्या जाणाऱ्या चित्रांत पितळी पावडर असू शकते, आणि रंगाच्या ट्यूबवर हॉलमार्क नसतो. देणाऱ्याच्या मनात कपट नसते, त्याला केवळ ठाऊक नसते. पण दहा वर्षांनी प्रभावळ काळी पडते, तेव्हा आजीच्या नावाने अर्पण केलेले पान कपाटाच्या तळाशी जाते.

यावरचा उपाय जुन्या लेखनिकांनीच दाखवून ठेवला आहे. पोथीच्या शेवटी पुष्पिका असे. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या गावी, कोणत्या तिथीला, हे तीत नोंदवले जाई. मांडू आणि जौनपूरच्या प्रतींचा काळ आज सांगता येतो तो अशा नोंदींमुळे. नव्या पानाच्या पाठीमागे याच रीतीने दोन ओळी लिहाव्यात. प्रभावळ कोणत्या सोन्याची, उरलेला सोनेरी रंग कोणत्या जातीचा, बंधक कोणता, वर्ख कशावर ठोकलेला. कडेला रंगाचा एक छोटा पट्टाही ओढून ठेवावा. पुढे कोणी त्या पानाची दुरुस्ती करील तेव्हा त्याला अंधारात चाचपडावे लागणार नाही. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ किंवा समर्थ वाग्देवता मंदिर येथील हस्तलिखिते ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा एका ओळीचे मोल वेगळे सांगावयास नको.

कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमीच्या निमित्ताने किंवा ज्येष्ठात श्रुतपंचमीला पोथ्या बाहेर काढल्या जातात, झटकल्या जातात, नव्या वेष्टनात बांधल्या जातात. त्या दिवशी घरातील सचित्र पानेही उजेडात धरून पाहावीत. कोठे हिरवट कडा दिसली तर ते पान इतर पानांपासून अलग करावे आणि मधे स्वच्छ, आम्लरहित कागद घालावा. आणि ज्या घरात यंदा नवे पान रंगवले जाणार असेल, तेथे रंगाची वाटी भरण्यापूर्वी तेच प्रश्न विचारावेत, जे सराफाच्या पेढीवर विचारले जातात: हे कशाचे आहे, कसे बनले आहे, आणि जे आहे तेच नाव याला दिले आहे ना?